वहीत न चढलेला खर्च

देगलूरकडच्या आमच्या एक चुलत जाऊबाई काही वर्षांपूर्वी उपचारांसाठी हैदराबादेस येऊन आमच्याकडे राहिल्या होत्या. गर्भाशयमुखाचा कर्करोग, आणि तोही पुढच्या पायरीवर पोहोचलेला. आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे पाच आठवडे किरणोपचार, आठवड्यास एकदा शिरेतून औषध आणि अखेरीस शरीराच्या आतून द्यावयाचे किरण, असा जवळजवळ दोन महिन्यांचा क्रम होता.

भाऊजी हिशेबाचे पक्के. रोज रात्री ते लहानशा वहीत खर्च टिपून ठेवीत. रुग्णालय सरकारी, त्यामुळे प्रत्यक्ष उपचारांचे फारसे काही लागले नाही. वहीत होते ते सारे भोवतालचे : बसभाडे, रिक्षा, बाहेरच्या तपासण्या, शहाळी, गावाकडची ये-जा. एके रात्री वही मिटताना ते म्हणाले, “वहिनी, औषधाला नाही, पण औषधापर्यंत पोहोचायलाच पैसा लागतो हो.”

त्याच वहीत पुढे म्हैस विकल्याची नोंद आली. रब्बीची पेरणी दुसऱ्याच्या हाती सोपवावी लागली, तेही त्यांनी मांडले. परंतु नववीतली मुलगी शाळा सोडून चुलीपाशी बसली, ते वर्ष कोणत्या रकान्यात लिहावयाचे? आणि धारा काढण्यापासून सासूबाईंच्या पथ्यपाण्यापर्यंत जाऊबाई जे काम वर्षानुवर्षे करीत आल्या, त्याला कधी भावच लावलेला नव्हता; म्हणून ते बंद पडले तेव्हा आलेली तूटही मांडता आली नाही.

जी गोष्ट एका घराची, तीच देशाची. आपल्या देशात अलीकडच्या काळात दरवर्षी सुमारे सव्वा लाख स्त्रियांना हा रोग जडतो व पाऊण लाखांहून अधिक दगावतात. त्यांतील बहुतेकींचे वय असे, की घर त्यांच्या खांद्यावर उभे असते. अर्थशास्त्र बुडालेली मजुरी मोजू शकते. बुडालेला संसार मोजण्याचे माप मात्र अजून त्याला नीटसे सापडलेले नाही.

वास्तविक हा रोग एका रात्रीत येत नाही. त्याचे मूळ एका विषाणूत आहे, हे दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. शरीरसंबंधांतून पसरणारा हा विषाणू बहुतेक स्त्रीपुरुषांना केव्हा ना केव्हा गाठतो आणि आपोआप नाहीसा होतो. तेव्हा त्यात लाजेचे काही कारण नाही. काही जणींत तो ठाण मांडून बसतो, आणि त्यातून कर्करोग होण्यास बहुधा दहा-पंधरा वर्षे लागतात. इतकी सवड देणारे दुखणे विरळा!

या सवडीचा उपयोग कसा करावा, हे आपल्याच मुलखाने जगाला दाखविले आहे. येथील कित्येक मराठी घराण्यांचे मूळ ज्या मराठवाड्यात, तेथील उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून तीस ते एकोणसाठ वयाच्या सव्वा लाखांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. ज्या गटात या विषाणूची तपासणी आयुष्यात केवळ एकदा झाली, त्या गटातील मृत्यू आठ वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले, असे २००९ साली प्रसिद्ध झाले. मुंबईच्या झोपडवस्त्यांत तर प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलाच घटक, लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी केली, आणि मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटले. आता लसही आहे. २०२२ साली पुण्यात तयार झालेल्या देशी लशीला मान्यता मिळाली. मुलींना लस आणि स्त्रियांची पस्तिशीत व पुन्हा पंचेचाळिशीत तपासणी, हा जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेला मार्ग.

मग जाऊबाईंचे काय चुकले? पाळी गेल्यानंतर पुन्हा अंगावरून जाऊ लागले, तेव्हा त्यांनी आठ महिने ते दुखणे अंगावर काढले. मी विचारले तेव्हा म्हणाल्या, “तालुक्याला जायचं म्हणजे एका दिवसाची खोटी. घरचं कोणी करावं?” एका दिवसाची खोटी वाचली, त्यापायी म्हैस गेली, पेरणी गेली, मुलीचे वर्ष गेले. आणि सारा दोष त्यांच्याच माथी का मारावा? तो एक दिवस त्यांना मोकळा करून देणे घरातल्या कोणालाही सुचले नाही.

म्हणून वाचक भगिनींनो आणि बंधूंनो, एवढेच विनविते : पाळी गेल्यावर अथवा संबंधानंतर रक्त दिसले, दुर्गंधीयुक्त पांढरे जाऊ लागले, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे, आणि काहीच होत नसले तरी तिशीनंतर तपासणी करून घ्यावी. तो एक दिवस घरच्यांनी आपण होऊन काढून द्यावा.

जाऊबाई बऱ्या झाल्या, हे आमचे भाग्य. मुलगी मात्र शाळेत परत गेली नाही.