आतला नंबर, बाहेरचा बॅज

दोस्तहो, तुरुंगात माणसाला नंबर मिळायला एक दिवस लागत नाही. बाहेर आल्यावर रिक्षाचा बॅज काढताना मात्र त्याची चप्पल झिजते. पहिला नंबर फुकट. दुसऱ्याला चारित्र्य लागतं.

चारित्र्य कोण देणार? पोलीस ठाणं. ज्या ठाण्यानं पोरगं वस्तीतून उचललं, त्याच ठाण्याच्या बाकड्यावर बसून त्यानं विचारायचं, ‘साहेब, मी कसा हाय?’ साहेब रजिस्टर उघडतो, नाव सापडतं, झालं. निकाल काय लागला, सुटला का, कोण विचारतो?

आकडा बघा. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसं होती. त्यात ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी. चौघांतल्या तिघांचा गुन्हा कोर्टात शाबीतच झालेला नाही. आणि लोकसंख्येत आपला वाटा जेवढा, त्याहून तुरुंगात जास्त. एवढ्या एकाच खात्यात आपला अनुशेष नाही!

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम १९ आहे. लायसन रद्द करायच्या कारणांत पहिलंच कारण, ‘सराईत गुन्हेगार’. हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. १८७१ साली इंग्रजांनी जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवायचा कायदा केला. १९५२ ला तो गेला. १९५९ ला मुंबई राज्यानं सराईत गुन्हेगारांचा कायदा आणला. पाटी बदलली, पारध्याच्या, कैकाड्याच्या दारातली पोलिसाची काठी तीच. ३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं तुरुंगाच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढायला सांगितलं. ठाण्याच्या डोक्यातलं रजिस्टर कोण खोडणार?

पांढरपेशे विचारतील, प्रवाशांच्या जिवाचं काय? अहो, त्याच रिक्षात आमच्या आयाबहिणी पण बसतात. बाईवर हात टाकल्याची शिक्षा झाली असेल तर जरूर अडवा. पण दहा वर्षांपूर्वीची हातभट्टीची केस आणि बलात्कार एकाच मापानं मोजू नका. बॅज नाय मिळाला म्हणून पोट थांबत नाय. तो मालकाची रिक्षा रात्री चोरून चालवतो, हप्ता देतो. यात प्रवासी कुठं सुखरूप झाला?

आमचं मागणं साधं आहे. माणूस आत असताना लायसनची मुदत संपते, वर्षाच्या वर गेलं की पुन्हा चाचणी. म्हणून सुटकेच्या आधीच आत कागद भरून घ्या. आठवी पासची अट २०१९ ला निघाली, आता ही पण अडचण काढा. नुसत्या एफआयआरवर बॅज नाकारू नका. शिक्षा कशाची, किती जुनी ते बघा. नकार द्याल तर लेखी द्या. कलम १९ सुद्धा सांगतं की आधी माणसाचं ऐका, कारणं लिहा, आणि त्याला ३० दिवसांत अपील करता येतं. मग बॅजच्या बाबतीत तोंडी ‘उद्या या’ कशाला?

आणि आपल्या शिकलेल्या पोरांना विचारतो. जयंतीच्या डीजेला वर्गणी निघते, सुटून आलेल्या भावाच्या लायसनच्या फीला का निघू नये? रविवारी विहारात टेबल टाका. अर्ज भरा, कोर्टाच्या निकालाची नक्कल काढून द्या, ठाण्यात त्याच्याबरोबर जा. एकट्याला हाकलतात, चौघांना खुर्ची देतात.

आतला नंबर न मागता दिलात. बाहेरचा आम्ही कायदा दाखवून घेणार. जय भीम!