वेतनमर्यादा कोणाच्या हिताची?

गावच्या यात्रेत कुस्त्यांचा फड भरविणारे पंच एक पथ्य कटाक्षाने पाळतात : जोड तोलामोलाची लावायची. एकतर्फी कुस्तीला रंग चढत नाही आणि पुढल्या वर्षी प्रेक्षकही जमत नाहीत. इतर धंद्यांत प्रतिस्पर्ध्याचे दिवाळे निघाले तर व्यापाऱ्यास समाधान वाटते. खेळाच्या धंद्यात प्रतिस्पर्धीच उरला नाही तर विकावयास मालच उरत नाही. या तत्त्वाचा आधार घेऊन जगातील अनेक व्यावसायिक लीगनी खेळाडूंच्या पगारावर कमाल मर्यादा घातली आहे. श्रीमंत क्लबांनी सारे उत्तम खेळाडू पळवू नयेत, दुर्बळ क्लबांनाही विजयाची आशा राहावी, हा तिचा सांगितला जाणारा हेतू. हेतूविषयी वाद नाही. प्रश्न आहे तो या साधनाने हेतू साधतो काय आणि त्याची किंमत कोण मोजतो, हा.

आपल्या देशात या प्रयोगाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे २०१४ मध्ये सुरू झालेली इंडियन सुपर लीग. तेथे संघाच्या एकूण पगारखर्चावर मर्यादा आहे. २०२०-२१ च्या सुमारास ती १६.५ कोटी रुपये होती. त्या हंगामापासून २०२४-२५ पर्यंतच्या पाच वर्षांचा हिशेब पाहावा. दर हंगामास साखळीतील अग्रस्थानाची ढाल आणि अंतिम सामन्याचा चषक अशी दोन बक्षिसे. म्हणजे एकूण दहा. त्यांपैकी आठ मुंबई सिटी आणि मोहन बागान या दोनच क्लबांकडे गेली. उरलेली दोन जमशेदपूर आणि हैदराबाद यांनी मिळविली. मर्यादा सर्वांना सारखी होती. समतोल मात्र आला नाही.

याचे कारण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. मर्यादा खेळाडूंच्या पगाराला असते. उत्तम प्रशिक्षक, सरावाचे मैदान, वैद्यकीय मदत, खेळाडू हेरणारी माणसे, कुमारांची प्रबोधिनी यांवरील खर्चास ती लागू नसते. पैसा एका दाराने अडविला तर तो दुसऱ्या दाराने आत येतो. शिवाय पगार सारखाच मिळणार असेल तर खेळाडू साहजिकच सुस्थितीतील क्लबाकडे जातो.

बुडालेले क्लब

दुर्बळ क्लबांचे रक्षण हा दुसरा दावा. त्याची कसोटी महाराष्ट्र आणि गोव्यातच लागते. राष्ट्रीय लीग जिंकलेला मुंबईचा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स असे पुण्याचे क्लब काही वर्षांच्या अंतराने राष्ट्रीय स्पर्धेतून नाहीसे झाले. बंदिस्त लीगला वरचे स्थान देण्याच्या बेतामुळे गोव्यातील साळगावकर आणि स्पोर्टिंग यांनी २०१६ मध्ये आय-लीगमधून माघार घेतली. धेंपोनेही तोच मार्ग धरला. हे क्लब सुपर लीगबाहेरचे होते, हे खरे. परंतु आतल्यांची गतही फारशी निराळी नाही. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. तो हैदराबाद संघ २०२२ मध्ये विजेता ठरला. पुढे खेळाडूंचे पगार थकले, २०२३-२४ मध्ये संघ तळाला गेला आणि २०२५ मध्ये क्लब नाव बदलून दिल्लीस हलला.

या दुखण्याचे मूळ वेतनमर्यादेच्या आवाक्याबाहेरचे आहे. २०१० मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने व्यापारी हक्क पंधरा वर्षांसाठी ७०० कोटी रुपयांना दिले. ती मुदत डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होती. पुढील व्यवस्था न ठरल्याने त्या वर्षीचा हंगाम लांबणीवर पडला, काही क्लबांनी कामकाज व पगार थांबविले आणि नव्या हक्कांच्या निविदेस नोव्हेंबरमध्ये एकही देकार आला नाही. जेथे उत्पन्नाचीच खात्री नाही तेथे खर्चाची मर्यादा काय वाचविणार?

खरेदीदारांची एकजूट

दुधनीच्या बाजार समितीच्या आवारात तुरीचे सौदे चालू आहेत आणि सर्व खरेदीदारांनी आदल्या रात्री बसून अमुक भावापुढे बोली चढवायची नाही असे ठरविले आहे, अशी कल्पना करा. शेतकरी गप्प बसतील काय? तोच करार क्लबांच्या मालकांनी केला म्हणजे त्यास ‘खेळाच्या हिताचे धोरण’ असे भारदस्त नाव मिळते. अर्थशास्त्राच्या भाषेत दोन्ही गोष्टी एकच : खरेदीदारांची मक्तेदारी. सायमन रॉटेनबर्ग यांनी १९५६ मध्येच बेसबॉलच्या संदर्भात दाखवून दिले होते की, खेळाडूंना क्लबाशी जखडून ठेवल्याने चांगल्या खेळाडूंची वाटणी फारशी बदलत नाही. बदलते ती एवढीच की, त्यांच्या गुणांचे मोल त्यांच्याऐवजी मालकांच्या खिशात पडते.

यावर असे म्हटले जाईल की, कोट्यधीश खेळाडूंची कणव कशाला? २०१५ च्या लिलावात सुनील छेत्रीला मुंबईने १.२० कोटी रुपये मोजले, हे खरे. परंतु छेत्री एकच असतो. संघातील राखीव बचावपटू पस्तिशीच्या आत निवृत्त होतो आणि पुढील आयुष्याची तजवीज त्याला त्या थोड्या वर्षांतच करावी लागते. एकूण खर्च आखडला की नामवंताचा पगार कायम राहतो आणि कात्री याच माणसाला लागते.

इंग्लंडचा धडा

वेतनमर्यादेचे समर्थक जुन्या इंग्लंडकडे बोट दाखवितात. तेथे १९०१ पासून पगाराला कमाल मर्यादा होती; १९६१ मध्ये ती उठली तेव्हा आठवड्याला २० पौंड होती. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पंधरा हंगामांत तेथे आठ निरनिराळे क्लब विजेते झाले, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. परंतु मर्यादा उठल्यानंतरही १९६२ मध्ये इप्सविच, १९७२ व १९७५ मध्ये डर्बी आणि १९७८ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्ट असे लहान शहरांचे क्लब विजेते झालेच. याचे एक महत्त्वाचे कारण असे की, सामन्याच्या तिकिटविक्रीतील वाटा पाहुण्या क्लबाला देण्याची प्रथा अजून चालू होती. ती १९८३ मध्ये मोडली, १९९२ मध्ये बड्या क्लबांनी प्रीमियर लीगची वेगळी चूल मांडली आणि त्यानंतर लेस्टरचे २०१६ मधील यश हे नवल ठरले. समतोलाचा आधार पगाराच्या मर्यादेपेक्षा उत्पन्नाच्या वाटणीत अधिक होता, असाच याचा अर्थ.

अमेरिकन फुटबॉलमध्ये १९९४ पासून वेतनमर्यादा आहे आणि ती बरीच यशस्वी झाली आहे. पण तेथे दूरदर्शन प्रक्षेपणाचे राष्ट्रीय उत्पन्न सर्व क्लबांत समान वाटले जाते, मर्यादा खेळाडूंच्या संघटनेशी वाटाघाट करून ठरते आणि उत्पन्नाचा जवळजवळ निम्मा भाग खेळाडूंस मिळतो. म्हणूनच सोलापूरच्या मानाने कितीतरी लहान असलेल्या ग्रीन बे या गावचा संघ मोठ्या शहरांशी टक्कर देत उभा आहे. आपल्या प्रो कबड्डीतही लिलावासाठी प्रत्येक संघाला सारखीच रक्कम, अलीकडे ५ कोटी रुपये, मिळते. २०१८ ते २०२५ या काळातील सात हंगामांत सहा निरनिराळे विजेते झाले, त्यांत पुणेकरही होते. पण तेथे खेळाडूच पुन्हा पुन्हा लिलावात येऊन संघासंघांत फिरतात. समतोल साधतो, परंतु आपण कोणत्या गावी खेळावे हे ठरविण्याचा खेळाडूचा हक्क त्यापायी खर्ची पडतो, हे विसरता कामा नये.

तेव्हा वेतनमर्यादा मुळीच नको, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. मालकांच्या अविचारी चढाओढीला लगाम हवा. मात्र तिच्याआधी तीन गोष्टी झाल्या पाहिजेत. सामायिक उत्पन्नाची समान वाटणी व्हावी. खेळाडूंस किमान वेतन मिळावे आणि हंगामाच्या पगाराची रक्कम प्रत्येक क्लबाने पहिल्या सामन्यापूर्वी महासंघाकडे तारण ठेवावी. आणि मर्यादा ठरविताना मालकांच्या बैठकीत खेळाडूंच्या प्रतिनिधींना जागा असावी. हे तीन न करता चौथे तेवढे करणे म्हणजे मापारी, अडते आणि खरेदीदार यांनी मिळून भाव ठरवायचा आणि शेतकऱ्याला आवाराच्या फाटकाबाहेर उभे करायचे. तसल्या बाजारात माल फार दिवस येत नाही. मैदानावरही येणार नाही.