कार्व्हर टस्कीगीला का गेले?

वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ हे १९८१ साली निघालेले पुस्तक आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलेले असेल. शाळेत असताना मी ते वाचले तेव्हा भुईमूग आणि रताळी एवढेच लक्षात राहिले होते. यंदा पुन्हा वाचताना मात्र एका प्रश्नाने मनात घर केले. कॅन्ससमधील एका महाविद्यालयाने वर्ण पाहून ज्यांना दारातून परत पाठवले, त्या कार्व्हरना आयोवाच्या कृषी महाविद्यालयाने पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी म्हणून घेतले, पुढे अध्यापकाची जागाही दिली. असे असताना १८९६ मध्ये ते सारे सोडून, अलाबामासारख्या दक्षिणेतील राज्यात, जेथे धड प्रयोगशाळाही नव्हती अशा टस्कीगी संस्थेत ते का गेले?

हाच प्रश्न आजही अमेरिकेतील असंख्य कृष्णवर्णीय मुलामुलींपुढे शालेय शिक्षण संपताच उभा राहतो. नामांकित विद्यापीठात जायचे, की पूर्वापार कृष्णवर्णीयांसाठी चालत आलेल्या महाविद्यालयात? प्रश्न दूरदेशीचा आहे. पण तो आपल्यालाही काही शिकवून जातो असे वाटल्याने हा लेखनप्रपंच.

प्रथम ही महाविद्यालये कोणती ते पाहू. गुलामगिरीच्या काळात दक्षिणेतील बहुतेक राज्यांत गुलामाला अक्षर शिकवणे हाच गुन्हा होता. १८६५ मध्ये गुलामगिरी संपली आणि लगेच फिस्क (१८६६), हॉवर्ड व मोअरहाउस (दोन्ही १८६७) या संस्था उभ्या राहिल्या. पेन्सिल्व्हेनियातील चेनी तर १८३७ पासूनची. १९६४ पूर्वी स्थापन झालेल्या अशा संस्थांना अमेरिकन कायद्याने स्वतंत्र ओळख दिली आहे. आज त्या शंभराच्या आसपास आहेत.

त्या कशा उभ्या राहिल्या हे टस्कीगीच्या विटांवरून समजते. १८८१ मध्ये संस्था सुरू झाली तेव्हा इमारत नव्हती. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी विद्यार्थ्यांकडूनच विटा पाडून घेण्याचे ठरवले. तीन भट्ट्या फसल्या. पैसा संपला. तेव्हा त्यांनी आपले घड्याळ गहाण ठेवले आणि चौथी भट्टी लावली. ती साधली. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ‘कमवा आणि शिका’च्या मुलखात वाढलेल्या आपल्याला या प्रसंगाचे मोल वेगळे समजावून सांगायला नको.

या संस्थांनी काय दिले? मार्टिन ल्यूथर किंग पंधराव्या वर्षी मोअरहाउसमध्ये दाखल झाले. तेथील अध्यक्ष बेंजामिन मेज हे १९३६ च्या अखेरीस वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटून गेले होते. मेरीलँडच्या कायदा विद्यालयाचे दार बंद म्हणून थर्गुड मार्शल हॉवर्डला शिकले, आणि १९५४ मध्ये शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा निकाल मिळवणाऱ्या वकिलांचे तेच अग्रणी होते. १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरोच्या उपाहारगृहात गोऱ्यांच्या जागेवर शांतपणे बसून राहिलेले चौघे तरुण अशाच एका महाविद्यालयाचे प्रथम वर्षाचे विद्यार्थी होते. म्हणजे वयाने आपल्याएवढेच.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, सर्व दारे उघडली असता वेगळे राहणे म्हणजे भेदाला आपणच खतपाणी घालणे नव्हे काय? आक्षेप वजनदार आहे. पण अर्धाच खरा. ज्यांनी दार बंद केले त्यांचे वेगळेपण आणि दार बंद म्हणून ज्यांनी स्वतःचे घर बांधले त्यांचे वेगळेपण, ही एकाच मापाने मोजता येत नाहीत. शिवाय या घराचे दार उघडे आहे. तेथील सुमारे एक चतुर्थांश विद्यार्थी आज कृष्णवर्णीय नाहीत. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये मुंबईला सिद्धार्थ आणि १९५० मध्ये औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) पुढे ‘मिलिंद’ म्हणून ओळखले गेलेले महाविद्यालय काढले, तेव्हा तीही सर्वांनाच खुली ठेवली होती. त्याच १९४६ साली त्यांनी ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंताशी पत्रव्यवहार केला होता, ही गोष्टही येथे नमूद करण्यासारखी आहे. आणि महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले म्हणून स्त्रिया समाजापासून तुटल्या, असे आज कोण म्हणेल?

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो मला अधिक अवघड वाटतो. हार्वर्डचा निधी पन्नास अब्ज डॉलरांवर आहे. हॉवर्डचा त्याच्या पन्नासाव्या हिश्श्याच्या आसपास. २०२३ मध्ये अमेरिकन केंद्र सरकारनेच सोळा राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रे लिहून कळवले की, तेथील कृष्णवर्णीयांच्या कृषी विद्यापीठांना तीन दशकांत मिळून बारा अब्ज डॉलरांहून अधिक निधी कमी मिळाला. त्याचा परिणाम वसतिगृहांवर, प्रयोगशाळांवर, शिष्यवृत्त्यांवर होतोच. गरीब घरच्या मुलीला केवळ अभिमानाखातर कर्ज काढून तेथे जा, असे सांगणे मला योग्य वाटत नाही.

मग जावे तरी कशासाठी? येथे थोडे स्वतःचे सांगते. माझे वडील चौथीपर्यंत शिकलेले. बारावीनंतर आम्ही प्रथम एका मोठ्या शहरातील महाविद्यालयात चौकशीला गेलो होतो. वडील कार्यालयाच्या दारात चपला काढून उभे राहिले. देवळात काढतात तशा. कोणी ‘काढू नका’ म्हणाले नाही, कोणी ‘आत या’ही म्हणाले नाही. आमचे कागद मात्र मोठ्याने वाचले गेले, सगळ्या रांगेला ऐकू जातील असे. कोणी शिवी दिली नाही, कोणी हाकलले नाही. तरीही परतीच्या एस.टी.त वडील म्हणाले, “बाळा, तिथं शिक्षण चांगलं असंल, पर तिथं तुला रोज चपला काढून उभं राहावं लागंल.”

कृष्णवर्णीय विद्यार्थी या महाविद्यालयांकडे का वळतात, हे त्या एका वाक्यात मला उमगले. वर्गात आपण एकटेच असलो की आपली प्रत्येक चूक आपल्या साऱ्या समाजाच्या खाती जमा होते. चुकण्याची, बावळट प्रश्न विचारण्याची, नुसते सामान्य असण्याचीही मुभा राहत नाही. चार वर्षे ही मुभा मिळणे ही चैन नव्हे. शिकण्याची ती पहिली अट आहे. २०२३ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेश देताना वर्णाचा विचार करण्यास मनाई केली. त्यानंतर हा प्रश्न तेथे अधिकच निकडीचा झाला आहे.

पण म्हणून प्रत्येकाने तेथेच जावे असे मी म्हणणार नाही. आज दहांतला सुमारे एकच कृष्णवर्णीय विद्यार्थी या संस्थांत शिकतो; उरलेले नऊ काही समाजद्रोही नव्हेत. निर्णय घेताना मी असती तर तीन गोष्टी विचारल्या असत्या: माझा विषय तेथे नीट शिकवतात काय? घरावर किती कर्ज होईल? आणि मी आजारी पडले, नापास झाले, तर माझी विचारपूस करणारे तेथे कोणी असेल काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे माहितीपत्रकात मिळतात. तिसऱ्याचे उत्तर तेथे शिकलेल्यांनाच विचारावे लागते, आणि तेच विचारायचे आपण विसरतो.

शिवाय हा निर्णय एकदाच घ्यावयाचा नसतो. ड्यू बॉइस फिस्कमधून हार्वर्डला गेले, किंग मोअरहाउसमधून पुढे बोस्टनला, टोनी मॉरिसन हॉवर्डमधून कॉर्नेलला. आधी मुळे धरली, मग फांद्या पसरल्या. कार्व्हरांचा मार्ग उलटा. ते आधी बाहेर शिकले आणि मग आपल्या माणसांत येऊन सत्तेचाळीस वर्षे, १९४३ मध्ये मृत्यू येईपर्यंत, राहिले. दोन्ही वाटा खऱ्या आहेत. खोटी वाट एकच: पाटी मोठी आहे एवढ्यासाठी आत शिरायचे आणि जन्मभर दारातच उभे राहायचे.

मी या महाविद्यालयात आले तेव्हाही वडील दारात चपला काढू लागले होते. एक प्राध्यापक म्हणाले, “अहो, राहू द्या त्या. आत या, बसा.” माझा निर्णय तेथेच झाला.

(द्वितीय वर्ष, कला)