दोन बादल्यांची बाजू

नेवासा फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर गेल्या महिन्यात एका गृहस्थांनी माझा आणि माझ्या दोन बादल्यांचा निकाल लावला. गृहस्थ शिकलेले, बागायतदार, बोलायला गोड. त्यांची नवी पांढरी गाडी समोरच उभी होती. तिच्यावर नुकतंच, नगरला पाच आकडी रक्कम मोजून, सिरॅमिक कोटिंग करून आणलेलं. शेजारी माझी जुनी सिलेटी गाडी. ती मी स्वतः धुतो आणि स्वतः पॉलिश करतो, असं कुणीतरी त्यांना सांगितलं. तिथून त्यांचं जे सुरू झालं ते चहा गार झाला तरी थांबेना.

म्हणणं थोडक्यात असं. ज्याचं काम त्यानं करावं. घरी गाडी घासणारा हौशी माणूस रंगाची वाट लावतो. त्याला स्वतःच्या वेळेची किंमत कळत नाही. तो पाणी नासतो. वॉशिंग सेंटरवरच्या पोरांच्या पोटावर पाय देतो. आणि एवढं करून संध्याकाळी उसाच्या दोन ट्रॉल्या शेजारून गेल्या की मुसळ केरात. शिवाय, ज्या गावात माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली तिथल्या माणसानं पत्र्याचा एवढा मोह धरावा, असा शेवटी एक सुस्कारा. गृहस्थ इतकं मुद्देसूद बोलले नव्हते; क्रम मी लावून दिला, तेवढे माझे उपकार.

किरकोळ आधी उरकतो. मोहाबद्दल: पत्र्यावर पाच आकडी खर्च करणाऱ्यानं बादलीवाल्याला वैराग्य शिकवू नये. पाण्याबद्दल: दोन बादल्या आणि वरून ओतायचे काही तांबे मिळून माझं काम चाळीस-एक लिटरमध्ये भागतं. सेंटरवरची प्रेशर गन एकदा सुरू झाली की मध्ये फोन आला तरी बंद होत नाही. पाऊस कमी पडला की मुळा धरणातलं पाणी जायकवाडीला सोडण्यावरून आमच्याकडे जो वाद पेटतो, त्यातला थेंबही माझ्या बादलीचा नाही. पोरांच्या पोटाबद्दल: एवढी कळकळ असेल, तर गाडीखाली उघड्या हातांनी डिझेल मारणाऱ्या त्या पोरांना आधी रबरी हातमोजे घेऊन द्यावेत. वेळेची किंमत ते सांगत होते तेव्हा टपरीवर बसून त्यांना तास उलटला होता. आणि 'पुन्हा धूळ बसणारच' याला दात घासण्याचं उदाहरण सगळेच देतात, म्हणून मी देत नाही.

आता खरा मुद्दा. ज्याचं काम त्यानं करावं.

हे वाक्य मी फार ऐकलंय. दिवाळीच्या फराळाच्या वेळी ऐकलंय: चकली बाहेरून आणली तर काय बिघडतं? (काही बिघडत नाही. पण ज्या घरात चकली मोडते त्या घराला भाजणी कशी चुकली हे कळतं. बाहेरून आणणाऱ्याला फक्त भाव कळतो. हा वाद मी चार दिवाळ्या चालवला आणि पाचव्या दिवाळीला हरलो, ते असो.) नाटकाच्या वेळीही ऐकलंय. वीस वर्षांपूर्वी आम्ही राज्य नाट्य स्पर्धेसाठी एक नाटक बसवत होतो. नेपथ्य बाहेरच्या माणसाकडे द्यावं असा एकाचा आग्रह, कारण आपण पडलो हौशी. दिलं. त्या माणसानं आणलेल्या दारातून आमची नायिका दुसऱ्या अंकात आत आली ती दारासकट. तेव्हापासून 'हौशी' हा शब्द कुणी नाक मुरडून उच्चारला की मला ते दार दिसतं. जत्रेत हौसे, नवसे आणि गवसे असे तिघे येतात म्हणतात. तिघांमध्ये पदरचं घालून येणारा कोण, याचा एकदा हिशेब व्हावा.

पण गाडीकडे येतो. ज्याचं काम, तो ते कसं करतो हे गृहस्थांनी कधी उभं राहून पाहिलंय का? ते आत कूलरखाली बसतात. मी उभा राहून पाहिलंय. गाव सांगत नाही. गाडी रॅम्पवर चढली, पाणी मारलं, फेस मारला, छान बर्फासारखा दिसला. मग एक पोरगा स्पंज घेऊन आला. त्यानं आधी चाकं घासली. त्याच स्पंजानं दारांचे खालचे भाग. मग बॉनेट. मध्ये स्पंज हातातून निसटून सिमेंटवर पडला. त्यानं उचलला, मांडीवर दोनदा आपटला आणि पुन्हा बॉनेटवर गोल गोल. पोराचा दोष नाही. त्याच्यामागे सहा गाड्या रांगेत होत्या आणि त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. दोष 'तज्ज्ञ' या शब्दाचा. तो शब्द पाटीवर होता, स्पंज धरणाऱ्या हातात नव्हता.

आता त्या स्पंजात काय होतं ते पाहा. आमच्या रस्त्यांवरची धूळ म्हणजे नुसती शेतातली काळी माती नव्हे. तिच्यात खडी क्रशरची कच आहे आणि उघड्या डंपरमधून सांडलेली वाळू आहे. वाळूतल्या गारगोटीचा कडकपणा मोह्सच्या पट्टीवर 7 भरतो. खिडकीची काचसुद्धा सहाच्या आत-बाहेर. आणि गाडीच्या रंगावरचा जो पारदर्शक थर असतो, ज्याला कारागीर क्लिअर कोट म्हणतात, तो साधारण 40 ते 50 मायक्रॉन जाडीचा. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉन धरा. म्हणजे ज्या चकाकीसाठी एवढा खटाटोप, ती केसापेक्षा पातळ. तिच्यावर गारगोटी गोल गोल फिरवली की उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसू लागतात. ते दिसले की तोच तज्ज्ञ म्हणतो, साहेब, रबिंग-पॉलिश करावं लागेल.

आणि मग तो मशीन काढतो. रबिंग म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणी सांगत नाही. ओरखडा भरत नाही; ओरखड्याच्या आजूबाजूचा थर ओरखड्याच्या तळापर्यंत उतरवतात, म्हणून तो दिसेनासा होतो. दर वेळी काही मायक्रॉन जातात आणि परत येत नाहीत. ऊन अडवणारं द्रव्य याच थरात असतं. दरवर्षी दसऱ्याला रबिंग करून घेणाऱ्यांच्या छतावर काही वर्षांनी जे पांढुरके चट्टे उठतात आणि पोपडे सुटतात, ते उन्हामुळे, असं त्यांना सांगितलं जातं. खरंच आहे. फक्त छत्री कुणी काढून घेतली ते सांगितलं जात नाही. वर गंमत अशी की घाईत फिरवलेल्या मशीनच्या खुणा लपवायला तेलकट पॉलिश चोपडतात. गाडी घरी नेताना आरसा दिसते, तीन-चार धुण्यांनंतर तेल उतरतं आणि मशीनचे गोल पट्टे वर येतात. तोवर पावती हरवलेली असते.

सिरॅमिकचंही सांगून टाकतो, कारण गृहस्थांनी टेबलावर बोट आपटून '9एच आहे' असं सांगितलं होतं, जणू हिरा 10 आणि त्यांची गाडी 9. ही पट्टी हिऱ्याची नाही, पेन्सिलीची आहे. रंगाच्या थरावर ठरलेल्या दाबानं पेन्सिली ओढून पाहतात. 9एच ही त्यातली सगळ्यात कडक पेन्सिल. ती ओढूनही ओरखडा उठला नाही, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या रस्त्यावर गाड्यांना पेन्सिली आडव्या येत असत्या तर मी स्वतः कोटिंग करून घेतलं असतं. कोटिंग वाईट नाही. पाणी झटकन ओघळतं, चिकटलेली घाण लवकर सुटते. पण त्याच दुपारी गृहस्थांनी डिकीतून पिवळं फडकं काढलं आणि बॉनेटवरची कोरडी धूळ फराफरा पुसली. पाच आकडी कोटिंगवर वाळूचा हात. ते पाहिल्यावर माझा सगळा राग गेला आणि हा लेख सुचला.

हौशी माणूस रंगाची वाट लावतो, हेही खोटं नाही. मी लावलेली आहे. पहिल्या वर्षी भांड्याच्या साबणानं गाडी धुतली. रंगावरचं मेण गेलं आणि काळं प्लास्टिक राखाडी झालं. दुसऱ्या वर्षी मागून आणलेल्या मशीननं बॉनेटची डावी कड अशी घासली की खालचा प्रायमर दिसला. कडेवर रंग मुळातच पातळ बसतो आणि मशीन तिथेच जास्त चावतं, हे मला त्या दिवशी कळलं. तो रुपयाएवढा डाग आजही आहे. तो मी रंगवून घेतलेला नाही. माझ्या गाडीवरची ती एकच जागा आहे जिची चूक कुणाची हे मला नक्की माहीत आहे.

आता माझी बाजू. ती लांबलचक नाही.

सकाळी सातच्या आत, पत्रा हाताला गार लागतो तेव्हा, सावलीत. आधी नुसतं पाणी, वरून खाली. मग एका बादलीत गाडीचा शॅम्पू आणि दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शॅम्पूत बुडवायचा, छतापासून सुरुवात करून सरळ रेषेत फिरवायचा आणि दर वेळी दुसऱ्या बादलीत खळबळून मगच पुन्हा शॅम्पूत घालायचा. चाकं सगळ्यात शेवटी, वेगळ्या फडक्यानं. झाल्यावर दुसऱ्या बादलीतलं पाणी हळूच ओतून तळ पाहा. चमचाभर काळी रेती असते. एवढी रेती आज बॉनेटवर फिरली नाही, हे मला दिसतं. गळीत हंगामात कारखान्यांच्या धुराड्यांतून उडालेली काजळी रात्रभर गाडीवर बसते. तेव्हा हे पाणी शाईसारखं असतं. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके की गाडी आपोआप वाळू दिली तर पांढरे गोल ठिपके उमटतात, म्हणून लगेच टिपून घ्यायची. ठिपके राहिलेच तर पांढऱ्या सिरक्यात तेवढंच पाणी घालून पुसायचे आणि लगेच धुवायचे. बाहेरगावाहून येणाऱ्या कुठल्याही बाटलीवर आमच्या बोअरचा उल्लेख नसतो. तो ज्याचा त्यानेच लक्षात ठेवायचा. पॉलिश मी वर्ष-दीड वर्षातून एकदा करतो, तेही हातानं आणि फक्त लागेल तिथे. त्यावर ब्राझीलच्या ताडाच्या पानांवरचं कार्नोबा मेण. मशीन मालकाला परत केलं.

एवढंच. यात मोठं तत्त्वज्ञान नाही. पण हात फिरतो म्हणून काही गोष्टी सापडतात. मागच्या चाकाच्या कमानीत खडा लागून उडालेला टवका, त्यात नुकताच धरलेला गंज. टायरमध्ये घुसलेला खिळा. बॉनेट उघडल्यावर उसाच्या फडातून आलेल्या उंदरानं कुरतडलेली वायर. आमचे आजोबा पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी स्वतः करायचे. घरात सालगडी होता, तरी बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप लावायला त्याला देत नसत. जू कुठे घासलंय, सूज कुठे आहे, ते त्यांच्या तळव्याला कळायचं आणि पुढचे चार दिवस तो बैल औताला जायचा नाही. त्यांना कुणी वेळेची किंमत विचारली असती तर त्यांनी बैलाचीच सांगितली असती.

आणि घासत बसणं नेवाशाला नवीन नाही. डेक्कन कॉलेजतर्फे ह. धी. सांकलिया यांनी 1954 ते 1956 या काळात इथे प्रवरेकाठी उत्खनन केलं. त्यात ताम्रपाषाण काळातल्या, म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीच्या, डोलेराइट दगडाच्या कुऱ्हाडी मिळाल्या; घासून गुळगुळीत केलेल्या. दगडावर दगड घासून ती झिलई आणणाऱ्याला शेजारच्या एखाद्या गृहस्थानं वेळेची किंमत सांगितली असेलच. ते गृहस्थ उत्खननात सापडले नाहीत.

टपरीवरच्या गृहस्थांना माझी एक विनंती आहे. रविवारी सकाळी सात ते नऊ मी घरीच असतो. गाडी घेऊन या. हातात घालायला भाजीची पातळ प्लास्टिकची पिशवी मी देईन. तिच्यातून बोटं आधी तुमच्या बॉनेटवर फिरवा, मग माझ्या. रंगावर काय चिकटून बसलंय ते पिशवीतून उघड्या हातापेक्षा जास्त खरखरीत लागतं. तेवढं झालं की चहा आहे. मात्र येताना ते पिवळं फडकं घरी ठेवून या.