शिवणीतली माया

अंधेरी, घाटकोपर वा बोरिवलीच्या बाजारात गर्भवती स्त्रीला अंगाला बेतशीर बसेल असा पोशाख शोधणे हे एक दिव्यच आहे. मॉलमधील खास पोशाख चार महिन्यांच्या वापरासाठी परवडत नाही. रस्त्यावरील दुकानात दोन मापे मोठा कुडता मिळतो, तो खांद्यावरून उतरतो आणि पोटावर तंग होतो. सहावारी साडी देहाबरोबर सैल नेसता येत असे. ठरीव मापाच्या गणवेशाला ती सोय नाही.

२०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी प्रसूतिरजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली, हे स्वागतार्हच. परंतु त्यांपैकी प्रसूतीपूर्वी फार तर ८ आठवडे घेता येतात. म्हणजे आठवा महिना लागेपर्यंत परिचारिका, सुरक्षारक्षक वा दुकानातील विक्रेती लोकलच्या गर्दीतून कामावर जाणार, आणि पोशाखाचा भार तिच्याच पगारावर पडणार. गणवेशाची सक्ती करणाऱ्या मालकाने वाढत्या मापाचा गणवेशही स्वखर्चाने दिला पाहिजे. कामगार संघटनांनी ही मागणी करारात घालावी. शिवणीत माया ठेवायची असते, हे प्रत्येक शिंपी जाणतो. मालकवर्गाने तेवढे शिकण्यास हरकत नसावी.