अंधांची काठी, डोळसांचे कर्तव्य

पांढरी काठी पायाखालचा खड्डा सांगते. छातीशी आडवी येणारी फांदी तिला कळत नाही. ही उणीव दिल्लीच्या आयआयटीने २०१४ साली अंधांच्या हाती दिलेल्या ‘स्मार्टकेन’ने भरून काढली. काठीच्या मुठीवरील हे यंत्र वटवाघळाप्रमाणे श्राव्यातीत ध्वनी सोडते आणि ३ मीटरपर्यंतच्या अडथळ्याची वर्दी कंपनांनी हाताला देते. मनगटावर बांधावयाची अशी साधनेही आता निघाली आहेत. संशोधकांचे अभिनंदन करावे तेवढे थोडेच! परंतु पदपथावर आडवी लावलेली दुचाकी यंत्र दाखवील. ती हटविणार कोण? रस्ते दिव्यांगांना सुगम करण्याची जबाबदारी २०१६ च्या कायद्याने शासनावर टाकली आहे. वाट न अडविण्यासाठी मात्र डोळस नागरिकाला कायद्याची वाट पाहावी लागू नये.