बिंदूच्या उजवीकडे काय आहे?

तोंडीच करा पाहू हे गणित. एका गोलंदाजाने पहिल्या डावात ४.३ षटकं टाकली, दुसऱ्या डावातही ४.३. एकूण किती? कॅल्क्युलेटर म्हणतो ८.६. पण क्रिकेट पाहणारं कुठलंही पोर सांगेल, ९ षटकं! कारण बिंदूनंतरचा तो ३ दशांश नाहीच मुळी, ते तीन चेंडू आहेत. आणि षटकात चेंडू असतात सहा.

यात कॅल्क्युलेटरची काही चूक नाही बरं का. आकडा कोणत्या प्रकारचा आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. संगणकाचंही तसंच. म्हणून प्रोग्राम लिहिताना आधी सगळ्याचे चेंडू करायचे. चार सक चोवीस आणि तीन, सत्तावीस. दोन्ही डावांचे चोपन्न. मग सहाने भागा.

जमिनीचा हिशेब तर याहून नाजूक. २ एकर २० गुंठे हे कितीतरी जण २.२० असं लिहितात. पण एकर असतो ४० गुंठ्यांचा, म्हणजे ही जमीन झाली अडीच एकर. संगणक मात्र तिला २.२ एकर समजणार, म्हणजे २ एकर ८ गुंठे. बारा गुंठे गायब! वाटणीत बारा गुंठ्यांवरून काय होतं, ते घरच्या मोठ्यांना विचारा. (हेक्टर-आरला ही भीती नाही. १०० आरचा एक हेक्टर, त्यामुळे तिथे बिंदू चालतो.)

दुसरी चूक छाटण्याची. पायथन भाषेत अपूर्णांकाला ‘इंट’ लावलं, की बिंदूनंतरचं सगळं कापलं जातं. १.९९ चासुद्धा १ होतो! आमच्या मुकुटबनकडे कापूस फार, तेव्हा कापसाचंच घेऊ. पहिल्या वेच्याला १.७५ क्विंटल, दुसऱ्याला २.६०, तिसऱ्याला १.९०. खरी बेरीज ६.२५ क्विंटल. प्रत्येक वजनाला आधी ‘इंट’ लावलं तर उरतात फक्त ४. सव्वादोन क्विंटल कापूस कागदावरच उडाला. त्यापेक्षा वजनं किलोत लिहा, १७५, २६०, १९०. मग पूर्णांकातही काही सांडत नाही.

असं खरोखर कुठे घडतं का? कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या शेअरबाजारात घडलं. तिथला निर्देशांक १९८२ साली १००० वरून सुरू झाला. दिवसातून हजारो वेळा तो नव्याने काढला जाई आणि दर वेळी तिसऱ्या दशांश स्थळापुढचे अंक नुसते छाटले जात. एका वेळचं नुकसान डोळ्यांना दिसणारही नाही इतकं बारीक. पण नोव्हेंबर १९८३ पर्यंत निर्देशांक सुमारे ५२५ वर घसरला होता. हिशेब दुरुस्त केल्यावर तो निघाला जवळजवळ १०९९!

आता तुमची पाळी. एका मुलीने शनिवारी १.४५ तास आणि रविवारी २.३० तास अभ्यास केला, असं तिच्या वहीत लिहिलंय. बिंदूनंतर मिनिटं आहेत. संगणक बेरीज सांगतो ३.७५. खरा अभ्यास किती? उत्तर पुढच्या अंकात.